कात्रीने चिरलेली पिशवी

मावशींची तीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेली. निवृत्त झाल्यावर तिथला सगळा दरारा घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आला. पावाची असो, फळांची असो, प्रत्येक पिशवी त्या उलटी करून साबणाने घासत आणि खिडकीत चिमट्याला वाळत घालत. सुनेने एखादी फेकली, की कचऱ्याच्या डब्यातून परत काढत, वर "तुम्हाला कशाची किंमत नाही" हेही ऐकवत.

गेल्या आठवड्यात अशीच एक जाडजूड पिशवी त्यांनी काढली, धुतली आणि तिच्यात नातीला शाळेसाठी सफरचंदाच्या फोडी भरून दिल्या. दुसऱ्या दिवशी पोरगी उलट्यांनी बेजार. पोरीने काय काय खाल्लं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सून हळूच म्हणाली, "आई, त्या पिशवीत कच्चं चिकन होतं. म्हणून तर टाकली होती मी."

मावशींना तोंड कुठे लपवू असं झालं. कच्च्या मांसाची सुरी वेगळी, पाट वेगळा आणि पिशवी सरळ कचऱ्यात, हे नव्या बायकांना दरडावून शिकवायच्या त्या याच.

नात चार दिवसांत बरी झाली. सून एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आज मावशींनी सवयीने डब्याचं झाकण उघडलं. वरच चिकनची रिकामी पिशवी होती. टाकण्याआधी सुनेने ती कात्रीने उभी चिरली होती, घरातल्या लहान पोराच्या हाती लागू नये म्हणून काळजी घ्यावी तशी.