तो प्यायलेला नव्हता

माझ्या नावावर एक लहानसं पुस्तक आहे. त्यात हळदीच्या पेवांवर एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणाच्या शेवटी असं वाक्य आहे: "दारूच्या अमलाखाली नेहमीची खबरदारी न घेतल्यामुळे एका कामगाराला पेवात प्राण गमवावे लागले." हे वाक्य खोटं आहे. लिहिताना मला ते माहीत होतं. आता माझं वय ऐंशीच्या पुढे गेलंय, आणि जे घडलं ते सांगायला माझ्याशिवाय फार कुणी उरलेलं नाही.

कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी मूळचा कराडजवळचा, ऊसवाल्या घरातला. शेतीत मन रमेना म्हणून शिकलो आणि सांगलीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. वय सव्वीस-सत्तावीस. शिवाय एका साप्ताहिकात सदर लिहायचो. जगाचा इतिहास, जुने कारागीर, सोपं विज्ञान, जे हाताला लागेल ते. एका आठवड्यात इजिप्तमधली काच, पुढच्या आठवड्यात घोंगडी विणणारे, मग साबणानं मळ का निघतो. लोक पत्रं पाठवत. मंडईत एखादा थांबवून म्हणे, "मास्तर, कोळशाच्या खाणीवरचा लेख झकास झाला." त्या लेखात मी लिहिलं होतं की युरोपातले खाणकामगार हातातल्या दिव्याच्या ज्योतीकडे बघून हवा चांगली की वाईट ते ओळखतात. हे मुद्दाम सांगतोय. मला हे ठाऊक नव्हतं असं कुणाला वाटू नये.

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. सांगलीजवळ नदीच्या काठाला काही ठिकाणी माती अशी चिवट आहे की वीस फूट खणलं तरी भिंत ढासळत नाही आणि ओल येत नाही. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, आत खोलीएवढी जागा. तळाला आणि कडेला उसाचं वाळलेलं पाचट लावायचं, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. कारण बंद पेवात प्राणवायू हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेपेक्षा जड. तोंड उघडलं तरी तळाशी पाण्यासारखा बसून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. किडा त्यात जगत नाही. माणूसही जगत नाही.

पेवं उघडणारा एक माणूस त्या भागात नावाजलेला होता. पंचेचाळिशीचा, काटक. त्याच्या घरानं दहा वर्षांपूर्वी बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्याचा धाकटा भाऊ वर दोर धरायचा आणि हा आत उतरायचा. मी सदरासाठी पहिल्यांदा गेलो तेव्हा पेवाच्या तोंडाशी एक कंदील ठेवलेला होता. व्यापाऱ्याच्या माणसांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. हा बाजूला उभा राहून बघत होता.

मी विचारलं, "तुम्ही नाही लावत कुंकू?"

"न्हाई. सोडलं ते." मग नारळाचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला, "नारळ मातर खातो. नारळानं काय वाकडं केलंय आमचं?"

भाऊ म्हणाला, "मास्तर, ह्ये लिवू नका. न्हाईतर पुढच्या खेपंला नारळबी द्याचे न्हाईत."

मग थोरल्यानं कंदील दोरीला बांधून आत सोडला, तळाला टेकवला, बराच वेळ वाकून बघत राहिला. ज्योत नीट जळत होती. तेव्हा कुठे तो उतरला. मी वहीत टिपून घेतलं: पेव उघडण्यापूर्वी दिव्याची पूजा करतात.

आठ-दहा दिवसांनी मी परत गेलो. या वेळी माझ्याकडे तीन सेलची बॅटरी होती. पलटणीतून सुट्टीवर आलेल्या चुलतभावाची. आतल्या भिंतींची कारागिरी नीट बघावी, पेव उघडणाऱ्याला आतून वर्णन करायला सांगावं असा माझा बेत होता. पेव निम्मं रिकामं करून पुन्हा लिंपलेलं होतं. फरशी त्याच सकाळी काढलेली. व्यापारी सावलीत बसला होता.

पेव उघडणारा कंदिलाची काच पुसत होता. मी बॅटरी पेटवून दाखवली. पेवाच्या तळापर्यंत झोत गेला.

"आयला, बेस हाय की," भाऊ म्हणाला.

मी म्हणालो, "मग तो धुरकट कंदील कशाला? ही घेऊन उतरा."

"कंदील उजेडासाटी न्हाई वं मास्तर," थोरला म्हणाला. " आदी सोडून बघायचा. इजला तर उतरायचं न्हाई."

"का?"

"का ते बानं सांगितलं न्हाई. इजला तर उतरायचं न्हाई, येवडंच सांगितलं."

यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार? त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गात पेटती मेणबत्ती भांड्यात ठेवून वरून कार्बन डायऑक्साइड ओतला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण मला त्या कंदिलावरचं कुंकू दिसत होतं. युरोपातल्या खाणीतला दिवा विज्ञान होता आणि हा दिवा माझ्या लेखी अंधश्रद्धा होता. मी हसत म्हणालो, "देव सोडले, कुंकू सोडलं, आणि दिवा तेवढा धरून ठेवला होय? इतरांचं सोडा. तुमच्यासारख्यांनी तरी असलं करू नये."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. व्यापाऱ्याची दोन माणसं तिथेच होती, ती फिसकन हसली. मी तिथेच थांबायला हवं होतं, पण उलट मी कंदील उचलून फरशीमागे नेऊन ठेवला.

भाऊ हळूच म्हणाला, "दादा, सोडून बघू की एकडाव."

तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. शिकलेल्याचं ऐका म्हणूनच सांगितलंय आमाला."

कमरेला दोर बांधून, हातात बॅटरी घेऊन तो उतरला. अर्ध्यावर गेल्यावर आवाज आला, "मास्तर, हितं लय गरम हाय." मी ते वहीत लिहिलं. तळाला पोचल्यावर पोती बांधायला कमरेचा दोर सोडावा लागे, तसा त्यानं सोडला. भावाच्या हातात दोर सैल झाला.

आत भिंतीवर बॅटरीचा झोत पडला होता. मी वरून विचारलं, पाचट कसं लावलंय, शिवलेलं आहे का नुसतं रचलेलं? उत्तर आलं नाही. झोत हलत नव्हता. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. भाऊ पालथा पडून आत बघत होता. तो उठला आणि आत उडी घ्यायला निघाला. व्यापाऱ्याच्या माणसांनी त्याला धरलं. कुणीतरी फरशीमागून कंदील आणून पेटवून सोडला. तो तळाला टेकण्याआधीच विझला.

मग कडुलिंबाच्या डहाळ्यांचे भारे बांधून खाली-वर केले, हवा हलवायला. विहिरीतली भांडी काढायचा गळ आणला. त्याला वर घ्यायला तास-दीड तास लागला. बॅटरी तेवढा सगळा वेळ चालू होती.

पंचनाम्याला पोलीस आले. भावानं घडलं ते सगळं सांगितलं, मास्तरांनी कंदील बाजूला ठेवला, हेही सांगितलं. व्यापारी त्याला जवळ घेऊन म्हणाला, "दोर तुझ्या हातात हुता बाबा. नीट इचार कर. उद्या तुझ्यावरच यायचं." मी तीन हातांवर उभा होतो. मला ऐकू आलं. नंतर हवालदार माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात मास्तर, तुम्ही सांगा काय झालं."

मी म्हणालो, "त्याचे पाय आधीपासूनच लटपटत होते."

दारू हा शब्द मी उच्चारला नाही. उच्चारावा लागला नाही. व्यापारी म्हणाला, "घेतली असंल, दुसरं काय." सगळ्यांनी मान डोलावली. त्या माणसाबद्दल असं लगेच का पटलं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच्या जागी माझा चुलता असता तर कुणी असं म्हणालं नसतं. मी त्याचाच आधार घेतला. पुढच्या महिन्यात सदरात पेवांवरचा लेख लिहिला, त्यात वायूची माहिती अचूक दिली आणि शेवटी ते वाक्य लिहिलं. तोवर तो शब्दही लिहिण्याइतका मी निर्ढावलो होतो. पुढे सदराचं पुस्तक झालं. अवांतर वाचनाला म्हणून बऱ्याच शाळांनी घेतलं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकही जमिनीत धान्य साठवत आणि उघडलेल्या खड्ड्यात लगेच उतरू नये हे त्यांना माहीत होतं, असं मी नंतर कुठेतरी वाचलं. तेही पुस्तकात घातलं.

दहा-बारा वर्षांनी मी हेडमास्तर असताना त्याच्या बायकोला भेटायला गेलो. ती जोंधळे पाखडत होती. मी माझं नाव सांगू लागलो तर म्हणाली, "वळखते मी."

मी उभ्या उभ्या सांगितलं की ते त्या दिवशी प्यायलेले नव्हते, चूक माझी होती.

"मला काय सांगताय?" सूप न थांबवता ती म्हणाली. "घरी आणल्यावर मी तोंड हुंगलं व्हतं त्यांचं. हळदीचा वास येत व्हता."

"मग कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. पर माझं कोण छापतंय? तुमचं छापलं." मग सूप खाली ठेवलं. "माज्या लेकीला शाळंत तुमचं पुस्तक वाचाया उभं केलं. त्या गुरुजीला ठावं नव्हतं कुनाची पोर ती. सगळं वाचलं तिनं, शेवटापातुर. घरी यून मला म्हनली, आई, आप्पा दारू पीत व्हतं व्हय? तिच्या लग्नाच्या वक्ताला दोन ठिकानी त्येच निघालं. तुमी हितं यून रडू नका. जितं लिवलं तितं लिवा."

मी लिहितो म्हणालो. दोन वर्षांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मी छपाईच्या चुका दुरुस्त केल्या, एक चित्र बदललं. ते वाक्य काढलं असतं तर का काढलं हे प्रकाशकाला सांगावं लागलं असतं, आणि शाळेत माझा सत्कार ठरलेला होता. वाक्य तसंच राहिलं. ती बाई पुढे वारली. साप्ताहिक बंद पडलं. नदीच्या पुरात बहुतेक पेवं बुजली.

गेल्या महिन्यात मी पलूसला गेलो. त्याची लेक तिथे राहते, सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त झालीय. इथपर्यंतचा हा मजकूर बरोबर नेला होता. वाचून दाखवतो म्हणालो तर तिनं हात पुढे केला आणि कागद स्वतःच घेतले. चष्मा लावून खिडकीपाशी बसून वाचले. एका पानावर बराच वेळ थांबली.

"गरम हाय असं म्हणाले होते ते?"

"हो."

"आणि तुम्ही लिहून घेतलंत."

"हो."

ती पुढे वाचू लागली. संपल्यावर कागद सारखे करून परत दिले. म्हणाली, "यात कुणाचं नाव नाही ते बरंय. आमच्यात सगळ्यांना कळेल." मी विचारलं, काही बदलायचं आहे का? नाही म्हणाली. मग म्हणाली, "छापून आलं की दोन प्रती पाठवा. काका अजून आहेत. डोळ्यांनी दिसत नाही त्यांना. पिलेल्या माणसाला दोर बांधून आत सोडला असं लोक त्यांना तोंडावर बोलायचे. अजून झोपेत दोर धरल्यासारखे हात करतात."

मी म्हणालो, "मी येतो. त्यांना मी वाचून दाखवतो."

"तुम्ही नको," ती म्हणाली. "मी वाचीन."