नाल्याकडचा वाल

वालाची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, म्हटलं की आम्हा रोह्याजवळच्या वरसेकरांना दुसरं काही दिसत नाही. माझ्या बाबांचं तर विचारूच नका. भात कापला की उरलेल्या ओलीवर ते वाल टाकत. पण नाल्याकडच्या तुकड्यात तीन वर्षं तो खुरटा, पिवळा येत होता. बाबा म्हणत, बियाणं खोटं. मी तेव्हा, नव्वदीच्या दशकात, रोह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. मला संशय नाल्यातून येणाऱ्या कंपन्यांच्या सांडपाण्याचा. तो वाल बाबांनी लावणं सोडावं, एवढीच माझी धडपड होती.

कॉलेजातल्या सरांच्या सांगण्यावरून परसात तेलाचे बारा रिकामे डबे मांडले. सहांत वरच्या शेताची माती, सहांत नाल्याकडची, बियाणं तेच. पंधरवड्यात नाल्याकडची रोपं पिवळी पडली आणि मी मनातून खूश झाले. पण पुढे ती चक्क हिरवी व्हायला लागली! बाबांनी मिशीला पीळ दिला. "बघ, माझी माती खोटी नाय."

दुसऱ्याच दिवशी आईला रंगेहाथ पकडलं. नेमक्या त्याच सहा डब्यांत ती शेणकाला ओतत होती.

"काय करू गो? उपाशी पोरासारखी दिसत व्हती."

मला राग आला आणि हसूही आलं.

सर म्हणाले, मुळं बघ. बाबांसमोर दोन्हीकडचं एकेक रोप उपटलं. वरच्या मातीतल्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या, हवेतला नत्र धरून वालाला पोसणाऱ्या. नाल्याकडची मुळं बोडकी. मातीत शिसं, जस्त असे जड धातू वाढले की या गाठी नीट धरत नाहीत, असं सर सांगत, तेच मी सांगितलं. बाबा ऐकून शेतावर निघून गेले.

पोपटीला पेणहून ताईच्या सासरची मंडळी आली. आई मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा भरत होती. तिने नाल्याकडची टोपली ओढली तसे बाबा म्हणाले, "ती नको. पाव्हण्यांना तसली शेंग कधी घालतो काय आपण?"

आईने हातातला पाला खाली ठेवला. "आन पोरींना चालते व्हय?"

बाबा उठले. टोपली उचलून नाल्याकाठी गेले, खड्डा खणून शेंगा पुरल्या आणि हात धुऊन आले. मग मडक्याला जाळ लागला. तशी गोड पोपटी मी पुन्हा खाल्ली नाही.

पुढच्या वर्षी तो तुकडा मोकळा राहिला. कुणी विचारलंच तर बाबा सांगत, "आमच्या पोरी वाल खातात."