विहिरीला गिलावा

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भूजल, झरे, पाझर हे सगळं फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवलं आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न टाकला. असा माणूस एका चांगल्या विहिरीचे झरे आपल्या डोळ्यांदेखत बुजू देतो, हे माझं मलाच अजून पटत नाही. फार राग येतो, आणि तो कोणावर काढावा तेही कळत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही कसबा पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून धायरीत फ्लॅट घेतला. गॅलरीतून सिंहगड दिसतो, असं बिल्डरनं सांगितलं होतं. दिसतो. नळाला पाणी येतं का, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. मार्च लागला की फाटकाशी टँकर उभे राहतात आणि पहिला टँकर कोणत्या इमारतीचा, यावर चांगली शिकलीसवरलेली माणसं एकमेकांची अक्कल काढतात.

सोसायटीच्या कुंपणाला लागून एक जुनी दगडी विहीर होती. आमच्या इमारती ज्या शेतात उभ्या आहेत, त्या शेताची. शेत विकलं तरी मूळ मालकांनी विहीर आणि तिच्याभोवतीचा तुकडा स्वतःकडे ठेवला होता. ते मागच्याच घरात राहायचे. सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यांनी बेजार. ते मला मास्तर म्हणत, मी त्यांना बाबा म्हणायचो. त्यांच्या विहिरीत आम्ही काय टाकलं नव्हतं? निर्माल्य, थर्माकोलची मखरं, फुटके फ्लॉवरपॉट. आत एक कमोडसुद्धा सापडला.

सापडला तो आम्ही विहीर साफ करायला घेतली म्हणून. तीन वर्षांपूर्वी, थंडी सरता सरता, ओळीनं सहा रविवार आम्ही दहाबारा जण गाळ काढत होतो. शेवटच्या रविवारी आम्ही नको नको म्हणत असताना बाबा पायऱ्या धरून खाली उतरले. दोन दगडांच्या फटीत पहारीचं टोक घालून त्यांनी आतला चिखल ओढून काढला, आणि पाण्याची बोटभर धार बाहेर आली.

"हिकडं बघा, मास्तर. माझ्या बानं हिला चुना लावला न्हाय, मुद्दाम. ह्या सांदीतनं पाणी आत येतंय. सांदी हायेत म्हणून हीर हाय."

एवढं सांगून त्यांनी पहार पुढच्या फटीत घातली. मी वर येऊन सगळ्यांना हे समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं. त्या मे महिन्यातही विहिरीत पुरुषभर पाणी होतं. बागेला, गाड्या धुवायला, संडासाच्या टाक्यांना तेच वापरलं, आणि टँकर निम्म्यावर आले. तिथंच थांबायला हवं होतं.

पण धड चाललेली गोष्ट सुधारल्याशिवाय आमच्या कमिटीला चैन पडत नाही. एका कंपनीनं आपल्या सामाजिक निधीतून विहिरीचं सुशोभीकरण करून द्यायचं कबूल केलं. त्यांना आधीचा फोटो हवा होता, नंतरचा फोटो हवा होता आणि मालकाचं संमतीपत्र. बाबा माझं ऐकतात म्हणून संमतीपत्राचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना सांगितलं की वर कठडा होईल, जाळी बसेल, पायऱ्या नीट होतील. मलाही तेवढंच माहीत होतं. चष्मा शेजारीच होता, तरी त्यांनी कागद वाचला नाही. "तुमी म्हणताय म्हंजे बरंच आसंल," म्हणाले आणि सही केली. दिवाळीनंतर ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वाघोलीला लेकीकडे गेले.

काम सुरू झालं आणि मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं की आतले दगड फोटोत फार ओबडधोबड दिसतात. मग आतून सिमेंटचा गिलावा करून त्यावर चित्रं काढायचं ठरायला लागलं. मी उठून म्हणालो, झरे बुजतील. अध्यक्ष सॉफ्टवेअरमधले, बोलायला अतिशय नम्र. "सर, आपल्याकडे वॉटरप्रूफिंगचा एक्स्पर्ट आहे. पाणी लीक होणार नाही, उलट सेव्हच होईल." विहीर म्हणजे जमिनीत पुरलेली टाकी, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, "अहो सर, प्रत्येक गोष्टीत किती आडवं जायचं?" सगळे हसले. मीही हसलो आणि खाली बसलो. खरं कारण सांगायची लाज वाटते. उद्घाटनाचा नारळ माझ्या हस्ते फुटणार होता, आणि ते मला आवडलं होतं.

गिलाव्यासाठी पंप लावून विहीर कोरडी केली. ती पुन्हा भरलीच नाही. आत निळा रंग, त्यावर मासे, कमळं आणि मोठ्या अक्षरांत 'पाणी वाचवा'. नंतरचा फोटो अप्रतिम आला. मी गिलाव्याला भोकं पाडायची परवानगी मागितली. वॉरंटी जाईल, असं उत्तर मिळालं. दुसरा अर्ज दिला, तर कंपनीकडे रिपोर्ट गेला आहे, आता बदल करता येणार नाही. तिसऱ्या अर्जाला उत्तरच नाही. सकाळी फिरायला जाताना लोक मला लांबूनच नमस्कार करायला लागले.

मार्चमध्ये बाबा काठी टेकत परत आले आणि घरात न जाता आधी विहिरीकडे आले. मी धावत जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. ते कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत होते. मी घाईघाईनं सांगायला लागलो, की मीटिंगमध्ये मी विरोध केला होता, अर्ज केले, या लोकांना काही समजत नाही.

"त्यास्नी ठावं न्हवतं, मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "तुमास्नी तर ठावं व्हतं न्हवं?"

मी हो म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी आधाराला हात पुढे केला होता. तो त्यांनी धरला नाही, आणि काठी टेकत एकटेच घराकडे गेले.