अक्का, जरा उजेड सोडा

जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी नेहमी एकच पुस्तक घ्यायला जातो. या विधानावर आमच्या घरात अजून कुणाचाही विश्वास बसलेला नाही.

दुकान बसण्णाचं. धारवाडात, मळमड्डीतल्या आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. तिथे पुस्तकं विषयवार लावलेली नाहीत, पडतील तशी आहेत. इंजिनियरिंगच्या गाइडखाली व्रतकथा, व्रतकथेखाली फौजदारी कायदा. कुठल्याशा पुस्तकात पहिल्या पानावर 'चि. विमलला, पास झाल्याबद्दल' असं हिरव्या शाईत लिहिलेलं सापडतं, कुठे बसचं तिकीट, कुठे वाळलेला मोगरा. मग या विमलने पुढे काय केलं असेल, याचा विचार करत मी स्टुलावर बसून राहतो. खरं सांगतो, तिथे मला घरच्यापेक्षा बरं वाटतं. (हे वाक्य घरात वाचून दाखवायचं नाही असं ठरवलं आहे.) माझी बायको सुधा मात्र त्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. "सवतीच्या घरी कोण जातं?" असं तिचं म्हणणं.

तर अशी एकेक करून आणलेली पुस्तकं आमच्या जिन्याखाली जमली. त्यांना घरात 'अडगळ' हे नाव होतं. मागच्या दिवाळीच्या आधी बेळगावहून सुधाची थोरली बहीण, सुमनताई, राहायला येणार असं ठरलं आणि सुधाने फर्मान काढलं, "ती यायच्या आत जिन्याखालचं सगळं बाहेर. नाहीतर तिचं अंथरूण तुमच्या पुस्तकांवर घालते."

आता आपल्या हाताने पुस्तकं बाहेर काढायची म्हणजे पोटच्या मुलीची पाठवणी. ते मला बघवणार नव्हतं. म्हणून मी बसण्णाला घरी यायला सांगितलं आणि आमच्या सुनेला, गिरिजाला म्हटलं, "बसण्णा येईल. त्याला अडगळीची पुस्तकं देऊन टाक." आणि काळजावर दगड ठेवून फिरायला गेलो.

गिरिजा माहेरची कानडी. आमच्या घरात येऊन वर्षभरात तिने मराठी अशी उचलली की आम्ही तिचं सगळीकडे कौतुक करत होतो. एकच शब्द तिला शिकवायचा राहिला होता.

मी फिरून आलो, तर जिन्याखालची पुस्तकं जागच्या जागी. मला आधी आनंदच झाला.

"काय गं, बसण्णा आला नाही काय?"

"आला होता की अप्पा. दिलं की सगळं."

"काय दिलं?"

"तुम्हीच म्हणालात की, अडगीची पुस्तकं दे म्हणून. अडगीमनीतलं फळीवरचं जुनं पुस्तक दिलं, मासिकं दिली. बरं झालं अप्पा. मोबाइलमध्ये सगळी अडगी बघायला मिळते आता."

कानडीत अडगी म्हणजे स्वयंपाक, आणि अडगीमनी म्हणजे स्वयंपाकघर. मी तिथेच जिन्यावर बसलो.

ते जुनं पुस्तक म्हणजे सुधाला तिच्या आईने लग्नात दिलेलं पाकशास्त्र. कव्हर कधीच गेलेलं, पानांवर हळदीचे डाग, आणि समासात आमच्या सासूबाईंची पेन्सिल. 'एवढं मीठ कशाला?' 'हे खोटं आहे, तूप जास्त लागतं.' सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या समासातून मायलेकींचं बोलणं अजून चालू असतं. सुमनताई येणार म्हणून आईच्या हातचे चिरोटे करायचे, हे सुधाने कधीपासून ठरवून ठेवलेलं. ते पुस्तक गेलं म्हणजे नुसती पाककृती गेली नव्हती.

सुधा, म्हणजे गिरिजाची अत्ती, सासू, भाजीला गेली होती. मी गिरिजाला म्हटलं, "हे बघ, अत्तींना काही सांगू नको. मी आत्ता घेऊन येतो."

"आणि विचारलं तर? मला मराठीत खोटं बोलायला येत नाही अजून."

"मग कानडीत बोल."

"अत्तींना कानडी माझ्यापेक्षा चांगलं येतं की हो अप्पा."

पुढे वाद घालायला वेळ नव्हता. चपला उलटसुलट घालून मी निघालो.

बसण्णा चहा पीत होता. "तुमच्या घरचं पोतं आत्ताच सोडलं सर. बघून घ्या की," म्हणाला. मी ढिगात हात घातला आणि काय सांगू, अगदी लगेच सापडलं. तीच हळद, तीच पेन्सिल. मी पुस्तक उराशी धरलं. डोळ्यांत पाणी आलं, ते थोडं धुळीमुळे. शहाण्या माणसाने या घडीला उठून घरची वाट धरली असती.

पण पाकशास्त्र जिथून उचललं, त्याच्या खालीच मधमाश्या कशा पाळाव्यात यावरचं एक पुस्तक होतं. आता मधमाशीचं आणि माझं काहीही नातं नाही. लहानपणी लिंबाखाली खेळताना एक चावली होती, तेव्हापासून मी लिंबाच्या झाडालाही लांबून नमस्कार करतो. तरीपण पहिलं पान नुसतं बघावं म्हणून पाकशास्त्र शेजारी स्टुलावर ठेवलं. राणीमाशी अंडी घालते, कामकरी माश्या राबतात आणि नर नुसते बसून खातात, असं त्यात लिहिलं होतं. नरांविषयी लेखकाला आणखी काय म्हणायचं आहे ते बघत मी बराच पुढे गेलो.

मध्येच कुणीतरी उजेडात आलं. पानावर सावली पडली. मी मान वर न करताच म्हटलं, "अक्कार, स्वल्प बेळकु बिड्री." म्हणजे अक्का, जरा उजेड सोडा. सावली सरकली. मी नरांकडे वळलो.

नरांना शेवटी पोळ्याबाहेर हाकलून देतात, हे वाचून मन खिन्न झालं आणि मी पुस्तक मिटलं. बघतो तर स्टूल रिकामं.

"बसण्णा, इथलं पुस्तक?"

"ते काय? एका अक्कारनी घेतलं की."

"अरे, माझं होतं ते!"

बसण्णा माझ्याकडे बघतच राहिला. "सर, त्यांनी तुम्हालाच विचारलं की, इदु निम्मदेन्री, हे तुमचं काय म्हणून. तुम्ही म्हणालात, अल्लरी, तगोरी तगोरी. नाही हो, घ्या घ्या. दोनदा म्हणालात."

"दिसायला कशा होत्या?"

"चष्मा. हातात भाजीची पिशवी. जरा रागात होत्या."

मी रस्त्यावर धावलो. संध्याकाळच्या वेळी मळमड्डीत चष्मा, भाजीची पिशवी आणि राग नसलेली बाई शोधणंच कठीण. एका बाईंच्या पिशवीतून पुस्तकाचा कोपरा डोकावतोय असं वाटलं. मी अदबीने म्हटलं, "अक्का, तुमच्या पिशवीत माझ्या सासूबाई आहेत काय, जरा बघता?" घाईत वाक्यातला 'पुस्तक' हा शब्द राहून गेला. त्या बाईंनी पिशवी छातीशी धरली आणि रिक्षा थांबवली. पुस्तकाचा कोपरा म्हणजे डिंकाचा पुडा होता.

अंधार पडल्यावर घरी निघालो. काय सांगायचं याची वाटभर जुळवाजुळव केली. शेवटी ठरवलं, सरळ सांगायचं. त्या पेन्सिलीच्या अक्षराची भरपाई मला कशानेही करता येणार नव्हती.

दार उघडलं तर घरभर तुपाचा वास. स्वयंपाकघरात ओट्यावर पाकशास्त्र उघडं, पान उडू नये म्हणून त्यावर लाटणं. सुधा चिरोटे तळत होती आणि गिरिजा पदर तोंडात धरून उभी होती.

"हे... हे कुठून आलं?"

सुधाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गिरिजाला म्हणाली, "ऐकलंस काय, तू खरं सांगितलंस म्हणून भाजीची पिशवी घेऊन तशीच आज पहिल्यांदा त्या दुकानात गेले. लोक भारी सभ्य असतात की तिथे. एक गृहस्थ वाचत बसले होते, त्यांनी मला अक्का म्हटलं. पुस्तक घेऊ काय विचारलं, तर घ्या घ्या म्हणाले. चेहरा ओळखीचा वाटला."

(तिचा आवाज मला कसा ओळखू आला नाही, असं कुणी विचारेल. वाचताना तो आवाज ऐकू येऊ नये यासाठी मी अनेक वर्षं मेहनत घेतलेली आहे.)

सुमनताई आल्या. पहिला चिरोटा मोडून तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "आईच आली गं." दोघी बहिणींनी डोळे पुसले आणि मीही पुसले. मग सुधाने त्यांना दुकानातली हकीकत साग्रसंगीत सांगितली आणि दोघींनी पुन्हा डोळे पुसले, पण ते हसून.

तेव्हापासून मी बसण्णाकडे निघालो की सुधा दारात येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारते, "निघालात काय अण्णा?" समोरच्या घरात नवे भाडेकरू आले आहेत. परवा त्यांनी मला फाटकात गाठून विचारलं, "बहिणीकडे आलाय वाटतं? किती दिवस मुक्काम?"

माझ्या काखेत नुकतीच आणलेली दोन पुस्तकं होती आणि दारात सुधा उभी होती.

"ती ठेवून घेईल तोवर," मी म्हटलं.