चौथ्या कलमापाशी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायको चाळीस वर्षं संसार करून गेली, तिलाही नाही. तरुणपणी मी चोरून विडी ओढायचो हे तिला सांगितलं होतं, तपासणीला आलेल्या साहेबांच्या पाठीमागून पोरांना उत्तरं खुणावली हेही सांगितलं होतं. बारीकसारीक पापं माणूस हौसेनं कबूल करतो, नाही का? त्यांच्या आडोशाला मोठं पाप निवांत बसून राहतं.

आता सांगतो. जरा वळसा घेऊन सांगेन — सरळ तिथं जाण्याइतका धीर अजूनही नाही.

एकोणीसशे तिसाच्या पुढची वर्षं. बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या काठी आमचं गाव लागतं. तिथल्या शाळेत मी मास्तर होतो. वय तिशीच्या आतबाहेर, पण आवाज असा की श्रावणात पोथी लावायची झाली तर तीन गावांची बोलावणी यायची. त्या आवाजाचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू? अजूनही आहे.

तेव्हा गावात वाचता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कोर्टाचं समन्स, गिरणीतल्या भावाचं पत्र, सरकारी नोटीस — सगळं मास्तरानं वाचून दाखवायचं. मास्तर वाचेल तेच कागदावर आहे, असं लोक धरून चालायचे. कागद मागून घेऊन तो उलटसुलट बघावा असं कोणाच्या मनातही यायचं नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

शेजारच्या वाडीत केशवतात्या राहायचे. चौदा सालच्या मोठ्या लढाईत हवालदार होते. तिकडे इराकात, बसऱ्याकडे पायात गोळी लागली, तेव्हापासून लंगडत. परत येऊन त्यांनी पेरूची बाग लावली आणि एके दिवशी तालुका लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले. नुसते उभे राहिले नाहीत. निवडून आलो तर अध्यक्षपद मागणार, असंही आधीच सांगून टाकलं. तशी रीत नव्हती. पद आपोआप चालत आलं असं दाखवायची रीत होती. तात्यांना ते सोंग जमलं नाही.

त्यांची एकच अडचण होती. ते बोलताना अडखळायचे. शब्द तोंडात अडकायचा आणि ते डोळे मिटून त्याची वाट बघायचे. समोरच्याला हसू आलं तरी वाट बघायचे. म्हणून त्यांनी आपलं म्हणणं कागदावर उतरवलं आणि ते गावोगाव वाचायला मला गळ घातली. मास्तरानं प्रचार करायचा नाही असा नियम होता. वाचून दाखवणं म्हणजे प्रचार नव्हे, अशी आम्ही दोघांनी आपापली समजूत घालून घेतली.

सात कलमं होती. पहिली चार रक्षणाची. घरटी एकानं पाळीनं गस्त घालावी, जनावरांच्या बाजाराच्या वाटेवर पहारा असावा, राखणदाराला बोर्डानं पगार द्यावा, अशी. उरलेली तीन घरची. माळव्याच्या, भाजीपाल्याच्या गाड्या बाजारात वेळेत पोचतील असा रस्ता, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी, मुलींची शाळा. तात्यांनी ती मोडीत लिहिली, मी बाळबोध लिपीत सुवाच्य उतरवली, त्यांनी ओळ न् ओळ तपासून खाली सही केली. सहीची प्रत एकच. ती माझ्याकडे.

चौथं कलम हजेरीचं होतं. सरकारनं तेव्हा काही जातीच्या जाती गुन्हेगार ठरवून ठेवल्या होत्या. आमच्याकडे रामोशी लोकांना रोज दिवेलागणीला चावडीत उभं राहून ‘हजर’ म्हणावं लागायचं. पाटलाच्या चिठ्ठीशिवाय परगावी मुक्काम करायचा नाही. चोरी केलेली असो वा नसो. तात्यांनी लिहिलं होतं: ‘ज्या माणसाला रोज चावडीत चोर म्हणून उभा करतो, त्यालाच आपण खळ्याची राखण सांगतो. दोन्ही खरं असू शकत नाही. ही हजेरी बंद करावी, अशी मागणी बोर्डानं सरकारकडे करावी.’

आमच्या गावचा धोंडी रामोशी. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा. चोरी सोडा, कोणाच्या शेतातलं कणीसही न विचारता मोडणार नाही असा. इंदापूरच्या अंगाला नवा साखर कारखाना उभा राहत होता आणि तिथल्या एका मुकादमानं त्याला पहारेकऱ्याची जागा देऊ केली होती. पण पहारा रात्रीचा, आणि दिवेलागणीला हा कित्येक कोसांवर आमच्या चावडीत उभा! हजेरी सुटली तरच नोकरी. तात्यांनी त्याला बागेत बोलावून ते कलम स्वतः वाचून दाखवलं — अडखळत, डोळे मिटत. धोंडीनं ते तीनदा वाचायला लावलं. मग त्याचं पाठच झालं.

गावोगाव जाताना सोबतीला धोंडीच असायचा. मी चावडीत बसून वाचायचो, तो बाहेर चपलांपाशी बसून ऐकायचा. वाचन आटोपलं की आम्ही झपाझपा परतायचो, कारण त्याला हजेरी गाठायची असायची.

पहिल्याच गावी सभेआधी तिथल्या म्हाताऱ्या पाटलांनी मला घरात चहाला नेलं. काय वाचणार ते आधी ऐकू द्या म्हणाले. मी वाचलं. चौथ्या कलमापाशी त्यांनी बशी खाली ठेवली. ‘मास्तर, रामोशाला मत हाय का?’

नव्हतं. ठरावीक शेतसारा भरणाऱ्यालाच मत होतं.

‘मग ज्याला मत न्हाय त्याच्यासाठी, मत हाय त्याला कशाला दुखवता? आन् तुमच्या तोंडी ह्ये शोभत न्हाय. वाचायचं तर वाचा.’

एवढंच. दम दिला नाही, बदलीची धमकी नाही. चहाही चांगला केला होता. पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की मी ते तात्यांसाठी केलं, त्यांची मतं जाऊ नयेत म्हणून. पण खरं काय? मला त्या चावडीतले चेहरे माझ्या आवाजासमोर थंड पडलेले बघवले नसते. ‘मास्तरांनी काय झकास वाचलं’ हे ऐकल्याशिवाय मला परत जायचं नव्हतं.

तिसरं कलम संपलं. मी शेजारचा तांब्या उचलला, दोन घोट पाणी प्यायलो, आणि पाचवं कलम चौथं म्हणून वाचलं. सात कलमांची सहा झाली. लोकांनी माना डोलावल्या. मग उरलेल्या आठही गावांत तेच केलं. तांब्या नसला तर मागून घ्यायचो.

तात्या निवडून आले. अध्यक्षही झाले, अगदी काठावर. आणि तिसऱ्याच सभेत त्यांनी हजेरीचा ठराव मांडला.

गलका झाला. आमच्या गावात सहा कलमं वाचली, हे सातवं आलं कुठून? मतं एका गोष्टीवर घ्यायची आणि ठराव दुसराच आणायचा? अध्यक्षानं फसवलं! तात्या म्हणाले, वाचलं होतं, मास्तरांना विचारा. मला शाळेतून बोलावून घेतलं. धोंडी बरोबर निघाला. धुतलेला पटका बांधून आला होता. ठराव पास झाल्याचं आपल्या कानांनी ऐकायचं, म्हणून.

बारामतीच्या त्या कचेरीत मी उभा राहिलो. एका सदस्यानं विचारलं, ‘मास्तर, हे कलम तुमच्या कागदावर होतं का?’

मी म्हणालो, ‘नव्हतं.’

कागद माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. कोणी मागितला नाही. मास्तर म्हणाला नव्हतं, म्हणजे नव्हतं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी तो कागद तपासला होता, त्यावर त्यांची सही होती — त्या माणसाला सगळं कळलं. ते डोळे मिटून शब्दाची वाट बघत राहिले. कोणीतरी हसलं. मग ते म्हणाले, ‘मा— माझ्याकडूनच लिहायचं राहिलं असंल. मास्तरांचा दोष न्हाय.’ आणि त्यांनी ठराव मागं घेतला. त्या दिवसापासून बोर्डात त्यांच्या शब्दाला किंमत उरली नाही. रस्ता झाला, दोन विहिरी झाल्या, पण माणूस दोन तोंडांचा ठरला तो ठरलाच. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत.

तुम्हाला वाटेल, हेच माझं पाप. मलाही कितीतरी वर्षं असंच वाटावंसं वाटत होतं.

कचेरीतून निघून आम्ही कालव्याच्या कडेनं परत चाललो होतो. ऊन उतरलं होतं, धोंडी हजेरीसाठी भराभरा चालत होता. मग म्हणाला, ‘मास्तर, तितं आलं की तुमी पाणी प्यायचा. दर गावात.’

आणि त्यानं ते कलम म्हणून दाखवलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही चूक न करता. शाळेत माझ्यासमोर इतकं नीट कोणी कधी म्हटलं नव्हतं.

‘मला सम्दं कळत हुतं,’ तो म्हणाला. ‘पर मी म्हनलं, तात्यांनीच तुमाला तसं सांगितलं असंल. मतासाठी. निवडून आलं की करतील. आज बगितलं, लिवायचंच राह्यलं म्हनाले. तुमी तरी काय करणार? तात्या सांगतील तसं वाचणार.’

इथं मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. वाटेवर तिसरं माणूस नव्हतं. खिशात कागद होता, त्यावर तात्यांची सही होती. धोंडीनं मला मारलं नसतं, शिवीही दिली नसती. मग मला भीती कशाची होती? आजही नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं की त्यानं माझा दोष नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. अगदी हलकं वाटलं.

मी म्हणालो, ‘चल, उशीर होईल.’

कारखान्यातली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. धोंडी रोज दिवेलागणीला ‘हजर’ म्हणत राहिला. स्वराज्य आल्यावर तो कायदा गेला, पण तोवर त्याची नजर मंदावली होती. तात्यांच्या बागेकडे तो पुन्हा फिरकला नाही. वाटेत तात्या दिसले तर बांध ओलांडून पलीकडून जायचा. त्याच्यासाठी ज्या एकाच माणसानं आपला शब्द आणि आपलं पद पणाला लावलं, त्याला तो मरेपर्यंत दगलबाज समजत राहिला. आणि मला, भेटला की, रामराम घालायचा.

तात्या शेवटच्या आजारात होते तेव्हा मी भेटायला गेलो होतो. कागदाबद्दल ते बोलतील म्हणून मी आधीच घाबरलो होतो. त्यांनी चकार शब्द काढला नाही. पेरू कापून पुढं ठेवायला लावले. मग म्हणाले, ‘मास्तर, धों— धोंडी कधी येत न्हाय हिकडं. माझं काही चुकलं का त्याच्याशी?’

मी म्हणालो, ‘कामात असेल.’

तात्या गेले, तेव्हा धोंडी मयताला आला नाही. दोन वर्षांनी तोही गेला. कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे, सात कलमांचा, खाली सही असलेला.