हमीदभाईंची पेटी कुणाकुणाला माहीत होती

"आधी पेटी उघडा," मी म्हणालो.

हमीदभाई हलले नाहीत. वहीएवढी लाकडी पेटी त्यांनी माझ्यापुढे ठेवली होती, पण वरचा तळहात काढला नव्हता. पेटीच्या चारही कडा लाखेने बंद केलेल्या.

"साहेब, ही मी सख्ख्या भावालासुद्धा उघडून दावली न्हाई."

"मी तुमचा पेटंट एजंट आहे. आत काय आहे ते मला कळलं नाही तर मी भांडणार कशावर?"

त्यांनी उठून दुकानाचं दार लावून घेतलं आणि सुरीने लाख खरवडायला घेतली.

ही गोष्ट नगरच्या तोफखाना भागातली. नवा पेटंट कायदा नुकताच लागू झाला होता. मी मूळचा श्रीरामपूरचा, मुंबईच्या एका पेटंट एजंटच्या ऑफिसात नवा ज्युनिअर. नगरचं काम आलं की साहेब मलाच पाठवायचे. म्हणायचे, "तुझा जिल्हा आहे, तुला भाषा कळते."

हमीदभाई साडीच्या काठांचे पत्ते पाडायचे. हे पत्ते म्हणजे भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या. मागावर जॅकार्ड नावाचं यंत्र बसवलेलं असतं. त्यावरून पत्त्यांची माळ फिरते. भोक आलं की एक धागा उचलला जातो, नसलं की तो खालीच राहतो. असे शेकडो पत्ते फिरले की काठावर मोर उमटतो. म्हणजे मोर खरा असतो तो पत्त्यांत. माग फक्त सांगितलेलं करतो.

अडचण अशी की पत्ते चोरणं फार सोपं. कोऱ्या पुठ्ठ्यावर पत्ता ठेवायचा आणि भोकांतून भोकं पाडायची. हमीदभाई दोन-दोन महिने खपून नक्षी बसवायचे आणि आठवड्यात ती चार गल्ल्यांत फिरायची. त्यावर त्यांनी ही पेटी काढली. पत्ते आणि यंत्र यांच्यामध्ये ती बसवायची. आत वाकवलेल्या तारा होत्या. पहिल्या भोकाची तार नवव्या धाग्याकडे, नवव्याची चौथ्याकडे, अशी सगळी अदलाबदल. पत्तेही त्याच हिशोबाने चुकीचे पाडलेले. पेटी असेल तर मोर. पेटी नसेल तर नुसता गोंधळ.

मी ती पेटी बराच वेळ बघत बसलो. इतकी साधी आणि इतकी हुशार वस्तू माझ्या टेबलावर तोवर आली नव्हती.

आता मुंबईतल्या एका मशिनरी कंपनीने हुबेहूब अशाच पेटीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. हमीदभाई म्हणाले, त्या कंपनीचा फिटर वर्षापूर्वी एका यंत्रमागावर दुरुस्तीला आला होता आणि एक पेटी 'साफ करतो' म्हणून घेऊन गेला होता. पण तो फिटर नोकरी सोडून कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पुरावा नव्हता. इकडे कंपनीचा माणूस नगरच्या मागवाल्यांना सांगत फिरत होता की हमीदची पेटी वापराल तर कोर्टात उभे राहाल. हमीदभाईंकडे पत्ते पाडून घ्यायला येणं लोकांनी जवळजवळ बंद केलं होतं.

"कंपनीच्या अर्जाआधी ही पेटी कशी चालते हे कुणाला माहीत होतं?" मी विचारलं.

"कुणालाच न्हाई," ते छाती काढून म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं.

कायदा असा होता. एखादी युक्ती अर्जाच्या आधीच लोकांना माहीत असेल, तर तिच्यावर पेटंट मिळत नाही. पण ती 'लोकांना माहीत' असली पाहिजे. एकट्याने लाख लावून जपलेली युक्ती त्यात बसत नाही. हमीदभाईंनी गुपित इतकं चोख सांभाळलं होतं की ते त्यांचंच होतं हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

हे मी त्यांना दोनदा समजावलं.  दुसऱ्यांदा ते नुसते पेटीतल्या तारा बोटाने सरळ करत राहिले.

मी मुंबईला ट्रंक कॉल लावला. साहेब म्हणाले, "साक्षीदार मिळव. नाही मिळाला तर त्यांना खरं सांग आणि परत ये. खोटी आशा दाखवू नकोस."

दोन दिवस मी पेट्या घेतलेल्या मागवाल्यांकडे फिरलो. सगळ्यांचं उत्तर एकच: पेटी होती, आत काय ते माहीत नाही. एका कारखानदाराने मात्र मला दारापर्यंत सोडायला येऊन हळूच सांगितलं, "हमीदचा मोर नरसाबाईच्या मागावर बिनपेटीचा चालतो. माझं नाव सांगू नका."

नरसाबाई पद्मशाली समाजातल्या विणकर. नवरा वारल्यावर त्यांनी हातमाग एकटीने चालवला होता. शिवाय त्या हमीदभाईंचे सुटे पत्ते घरी आणून दोऱ्याने ओवून द्यायच्या. त्यांच्याकडे मोर चालतो हे मी सांगितल्यावर हमीदभाईंचा चेहरा उतरला.

"बारा वर्सं माझं काम करती ती," ते म्हणाले. "ईदला तिच्या घरी शीरखुर्मा जातो माझा."

"तिच्याकडे जायला हवं."

"मी न्हाई येत."

पण आले. दाराबाहेरच थांबले.

नरसाबाईंनी आधी कानांवर हात ठेवले. "मला काय कळतंय त्यातलं? मी पत्ते ओवनारी बाई." मागावर अर्धी साडी होती आणि तिच्या काठावर मोर होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"पोलिसात देणार भाई मला?" शेवटी त्यांनी विचारलं.

 हमीदभाई आत आले. काठ उचलून उजेडाला धरला, उलटसुलट करून पाहिला. त्यात एक धागाही चुकलेला नव्हता.

"न्हाई देनार," ते म्हणाले. "पन कसं केलं ते सांग."

मग त्या सांगू लागल्या आणि पाच मिनिटांत त्यांची भीती गेली. पत्त्यांची नक्कल करून त्यांनी साध्या मागावर विणून पाहिलं. मोराच्या जागी गिचमीड आली. "पन मोर मला ठावा हुता. चोच पिसाऱ्यात गेली म्हंजी तिथला धागा कुठनं आला ते दिसतंच की. एकेक मोजत गेले. मंग यंत्रातनं धागे उचलनाऱ्या दोऱ्याच तशा बदलून बांधल्या. पेटीत तारा फिरवल्या असनार हे तवाच कळलं. शेजारच्या चार घरांत दोऱ्या मीच बांधून दिल्या."

"किती दिवस लागले?" हमीदभाईंनी विचारलं.

"तीन."

ते खाली बसले. ही पेटी बनवायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं.

मला तारीख हवी होती. हे सगळं कंपनीच्या अर्जाआधी झालं, हे दाखवायचं कसं? नरसाबाई म्हणाल्या, पहिली नीट साडी त्यांनी लेकीच्या लग्नासाठी विणली. लेक कोपरगावला दिली होती. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मी कोपरगावला गेलो. लेकीने ट्रंकेतून साडी काढली, छापील लग्नपत्रिका काढली आणि तीच साडी नेसून काढलेला लग्नातला फोटोही दिला. पत्रिकेवरची तारीख अर्जाच्या सात महिने आधीची होती.

सुनावणी मुंबईला पेटंट ऑफिसात झाली. नरसाबाई आणि हमीदभाई एकाच गाडीने आले, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून. कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली.

"बाई, शिक्षण किती?"

"दुसरी."

"मग हा फक्त तुमचा अंदाज होता, असं म्हणू?"

"अंदाजानं मोर येत न्हाई वकीलसाहेब. कागद द्या."

त्यांनी कागदावर आडव्या रेघा ओढल्या आणि कुठली तार कुठे जाते ते एकेक करून दाखवलं. अधिकाऱ्यांनी अर्जातलं चित्र शेजारी ठेवलं. एकेक रेघ ताडून पाहिली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे तुम्ही किती जणांना शिकवलंत?"

"चार घरं, लेकीच्या लग्नाच्याच म्हैन्यात. त्यांनी पुढं कुनाला शिकवलं ते मला ठावं न्हाई."

कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. युक्ती नगरात आधीच लोकांना माहीत होती, असं निकालात लिहिलं होतं.

मी निकाल मराठीत वाचून दाखवल्यावर हमीदभाई म्हणाले, "म्हंजी पेटी माझी झाली?"

"तुम्हाला बनवायला कुणी अडवणार नाही. पण आता तुम्हीही कुणाला अडवू शकत नाही. ती सगळ्यांची झाली."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. कामं मात्र परत येऊ लागली. पुढे त्यांनी पेटीत नवे बदल केले, आणि बाजारात देण्याआधी ते प्रत्येक पेटी पत्त्यांसकट नरसाबाईंच्या हवाली करायचे. महिन्याभरात त्यांना उलगडली नाही तरच ती विकायची. दोन पेट्या टिकल्या, असं मी ऐकलं.

मी पुढे तीस वर्षं याच धंद्यात होतो. 'माझी युक्ती कुणालाच माहीत नाही, साहेब,' असं अभिमानाने सांगणारे अशील दर वर्षी यायचे. मी त्यांना आधी अर्ज भरायला सांगायचो. उशीर झालेला असेल, तर ती कुणी चोरली आहे का ते विचारायचो, आणि चोराशी भांडू नका, तोच तुमचा साक्षीदार होईल, असं बजावायचो.