सोडलेली कोंबडी

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मांडवगणला आमच्या घरी आठ-नऊ कोंबड्या होत्या. दिवेलागणीला मी त्यांना हाकून डालग्याखाली घालायची आणि डालगं उलथू नये म्हणून वर दगड ठेवायची. एक तांबडी तेवढी बाहेर, कारण ती देवीच्या नावानं सोडलेली. आमचे हे तापानं अंथरुणाला खिळले तेव्हा सासूबाई नवस बोलल्या होत्या, की पोरगा उठला की हिला वाजतगाजत देवीला नेऊ. तोवर तिला धक्का लागता कामा नये.

"आत्याबाई, दारात कुत्रं हाय. हिलाबी झाकू का?" मी विचारलं होतं.

"सोडलेलीला कोंडत्यात व्हय गं? मोठी शहाणी लागून गेलीस!"

माझं डोकं सणकलं. पण तांबडीला बाहेरच ठेवलं.

कुत्रं आमचंच. हेच त्याला रोज भाकरी टाकायचे. हे पडल्यावर त्या मुक्या जनावराची आठवण कुणाला? एका सकाळी शेण भरताना कलकलाट ऐकला, धावले, तर तांबडी त्याच्या तोंडात. खराट्यानं बडवलं तेव्हा मेल्यानं सोडली. पाठीचं कातडं लोंबत होतं. सासूबाई तिथंच मटकन बसल्या आणि ओरडल्या, "गेलं गं बया, माझं पोर गेलं!"

पोर आत जागंच होतं. त्यांना ते ऐकू गेलं.

शेजारच्या चाचींनी जन्मभर कोंबड्या पाळलेल्या. त्यांना हाक मारली. त्यांनी पाठीकडं नीट बघितलंसुद्धा नाही. पंख उचलला, पिसांवर फुंकर मारली. खाली दाताची दोन भोकं, ज्वारीच्या दाण्याएवढी. "पाठीचं दिसतंय म्हणून भ्यालीस. मरती ती ह्या भोकांनी," त्या म्हणाल्या. मिठाचं पाणी उकळून कोमट केलं आणि भोकं धू धू धुतली. मी हळद भरायला गेले तर हात झटकला माझा. वरून बुजवलं की घाण आत सडती म्हणे. हळद पाठीला लावली. मग म्हणाल्या, हिला अंधारात, एकटी ठेव, रक्त दिसलं की बाकीच्या टोचून मारत्यात. आणि माशी बसू देऊ नको, किडे पडतील.

तेव्हापासून मी गोठ्याच्या कोपऱ्यातच. गुळाचं पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब लावायचं. ओतलं तर ठसका लागून मरायची. मधल्या वेळात कोंबड्यांना दगडामातीचं खुराडं रचलं, कुत्र्यानं उकरू नये म्हणून भोवती चपटे दगड पुरले, वर बाभळीच्या फांद्या टाकल्या. कुत्र्याला साखळी घातली आणि पुढ्यात भाकरी टाकली. आता तांबडीला कोंडायला आत्याबाई नाही म्हणाल्या नाहीत. दौंडहून नावेनं आणलेलं औषध ह्यांना त्याच पाजायच्या. घरात वाटणीच झाली म्हणा ना. त्यांच्याकडं पोरगा, माझ्याकडं कोंबडी.

मला भीती वाटत होती का? कशाचं काय. अंग नुसतं बधिर झालं होतं. हात चालायचे, एवढंच.

चौथ्या दिवशी तांबडीनं दाणा टिपला. सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्या दुपारी मी स्वच्छ फडकं घ्यायला आत गेले. ह्यांनी पदर धरला.

"जरा बस की माझ्यापाशी."

"आवो, तुमच्यासाठीच बसलीया न्हवं तिच्यापाशी!" मी खेकसले. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण दिवसाढवळ्या असा पदर त्यांनी कधी धरला नव्हता. मी तो सोडवून घेतला आणि गोठ्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

बायका जमल्या. रड गं, मोकळी हो, म्हणाल्या. मला रडू येईना. काहीच येईना. गोठ्यात कोंबडी उभी राहिली होती आणि तिची पाण्याची वेळ झाली होती. मी बायकांतून उठले आणि तिला पाणी पाजून आले.